आजीच्या अहिराणी गोष्टींचा व्हिडिओ कार्टूनसारखा करायचा आहे, पण चेहरा काळवंडतोय

बोरीकाठ

राम राम मंडळी.

श्रावणात कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवासाठी, गावी गेलो होतो, अमळनेर तालुक्यात. रविवारी रात्री गाणी झाली. मग बायका जरा टेकल्या आणि आजीने लहान पोरांना कोल्ह्याची गोष्ट सांगायला घेतली. मी मोबाइल हातात धरून ६ मिनिटं शूट केलं. आजीचं वय ८४. बोलते ती अस्सल अहिराणी, हात हलवत, मधेच कोल्ह्याचा आवाज काढत.

माझ्या भावाची दोन्ही मुलं सुरतला वाढतात. त्यांना अहिराणी समजते, बोलता येत नाही. आजीचा साधा व्हिडिओ पाठवला तर अर्ध्या मिनिटात पुढे सरकवतात. कार्टून मात्र कुठल्याही भाषेतलं असो, तासभर बघतात. म्हणून वाटलं, आजीलाच कार्टून केलं तर? आवाज तिचाच, हावभाव तिचेच, फक्त चित्र रेखाटल्यासारखं.

एका मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरमधला कार्टून इफेक्ट लावून पाहिला. आजीच्या तोंडावर शाई सांडल्यासारखं झालं. एकेक सुरकुती काळीकुट्ट. मागच्या भिंतीवर मुंग्या फिरतायत असं दिसतं आणि लुगड्याचा काठ सारखा लुकलुकतो. इफेक्ट कमी केला की कार्टूनपणच राहत नाही. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विकतचं सॉफ्टवेअर घेणं सध्या जमणार नाही.

कुणी हे केलंय का?

पांझरेची वाळू

भाऊ, धुळ्यात लग्नाच्या शूटिंगचं आणि मिक्सिंगचं काम करतो, १४ वर्षं झाली. प्री-वेडिंगमध्ये हा लुक लोक मागतात, त्यामुळे बराच हात फिरलाय. आधी दोन गोष्टी सांग. फाइल मोबाइलमधून लॅपटॉपवर कशी घेतली? आणि त्या खोलीत उजेड कसला होता?

बोरीकाठ

दादा, मोबाइल चुलत्याच्या मुलाचा होता. त्याने चॅटवर पाठवली, तीच उतरवून घेतली. उजेड म्हणजे एक ट्यूबलाइट, आणि कानबाईच्या मखराभोवती रंगीत लाइटिंगची माळ लुकलुकत होती. घर धाब्याचं आहे, भिंती जाड, रात्री आत अंधारच असतो.

पांझरेची वाळू

मग रोग सापडला. इफेक्टचा दोष नाही, त्याला जे खायला दिलंय त्याचा आहे.

कार्टून इफेक्ट कुठल्याही सॉफ्टवेअरमधला घे, आत दोनच कामं चालतात. एक, रंग सपाट करणं, म्हणजे गालावर उजेडाच्या शंभर छटा असतील तर त्यांच्या पाच-सहाच करणं. दुसरं, जिथे उजेड किंवा रंग एकदम बदलतो तिथे काळी रेघ मारणं. त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला नाक कुठलं आणि भिंतीवरचा डाग कुठला हे कळत नाही. त्याला फक्त फरक दिसतो.

आता चॅटवर पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो. दाबताना चित्राचे बारीक चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातला बारकावा कमी करतात. आपल्या डोळ्याला ते फारसं जाणवत नाही, पण रेघ मारणाऱ्या इफेक्टला प्रत्येक चौकोनाची कड दिसते. त्यात अंधारात मोबाइल सेन्सरचा सिग्नल खूप वाढवतो, मग दाणे येतात. ते दाणे दर फ्रेमला जागा बदलतात. तुझ्या भिंतीवरच्या मुंग्या त्याच.

ट्यूबचं आणखी एक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. मोबाइलचं शटर त्याच्याशी जुळलं नाही तर उजेड बारीक हलतो. साध्या व्हिडिओत हे खपून जातं. पण रंगाच्या पायऱ्या पाडल्या की जी छटा दोन पायऱ्यांच्या सीमेवर असते ती एका फ्रेमला वर, दुसऱ्या फ्रेमला खाली पडते, आणि अख्खा गाल उड्या मारतो. शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायला लागणारा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की हे थांबतं. लुकलुकणाऱ्या माळेवर मात्र इलाज नाही, ती बंदच करावी लागेल.

पहिलं काम कर: चुलतभावाच्या मोबाइलमधली मूळ फाइल केबल लावून घे. केबल नसेल तर चॅटवरच डॉक्युमेंट म्हणून मागव, मग दाबली जात नाही. आणि कानबाई आता पुढच्या श्रावणात, पण गोष्ट आजी कधीही सांगेल ना? मग परत शूट कर, दिवसा. ते सगळ्यात चांगलं.

सुरतवासी

भाऊ, इतकी खटपट कशाला? आता एआयची ॲप आली आहेत, व्हिडिओ टाका, कार्टून बाहेर. मी उधन्यात राहतो, आमच्या सोसायटीतली पोरं रोज करतात.

केळीचं खोड

मी रावेरचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. पांझरेच्या दादांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. त्यात थोडी भर, कारण मोफत मार्गाने हे चांगलं करायचं असेल तर आत काय चालतं ते समजणं कामाला येतं.

सगळी गोम चित्र गुळगुळीत करण्यात आहे. साधा ब्लर लावला तर दाणे जातात, पण नाकाची कडही वितळते. १९९८ मध्ये टोमासी आणि मंदुची या दोघांनी बायलॅटरल फिल्टर मांडला. तो शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढताना दोन गोष्टी बघतो: शेजारी किती जवळ आहे, आणि त्याचा रंग आपल्यासारखा आहे का. रंग फार वेगळा असेल तर त्याला हिशेबात जवळजवळ धरतच नाही. म्हणून गाल गुळगुळीत होतो आणि गाल संपून पदर सुरू होतो ती कड तशीच राहते.

दुसरा कुवाहारा फिल्टर, १९७६ चा. तो मुळात हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी निघाला होता. प्रत्येक पिक्सेलभोवती चार चौकोन धरायचे, ज्यात सगळ्यात कमी चढ-उतार आहे त्याची सरासरी घ्यायची. परिणाम रंगाच्या फटकाऱ्यासारखा दिसतो. ब्लेंडर हे पूर्णपणे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या ४.० आवृत्तीपासून कंपोझिटरमध्ये, म्हणजे चित्रावर एकापाठोपाठ इफेक्ट जोडायच्या भागात, कुवाहारा नोड आहे. नोड म्हणजे एका इफेक्टचा ठोकळा. त्यात क्लासिक आणि ॲनिसोट्रॉपिक असे दोन प्रकार. तुमच्या लॅपटॉपवर क्लासिकच वापरा, दुसरा सुंदर दिसतो पण फार वेळ खातो.

ब्लेंडरमध्ये नोडची माळ अशी लावा. व्हिडिओ आत घ्या, कुवाहारा लावा. तिथून दोन फाटे फोडा. एका फाट्यावर पोस्टराइझ नोड, म्हणजे रंगांच्या पायऱ्या. दुसऱ्या फाट्यावर फिल्टर नोडमधला सोबेल, म्हणजे कडा शोधणं. त्यानंतर कलर रॅम्प लावून फिकट कडा उडवा, चित्र उलटं करा म्हणजे पांढऱ्यावर काळ्या रेघा येतील, आणि मल्टिप्लायने, म्हणजे फक्त काळं उमटेल अशा मिश्रणाने, पहिल्या फाट्यावर चढवा. कडा मूळ व्हिडिओवर कधीच शोधू नका. गुळगुळीत केलेल्यावरच शोधा. काळवंडलेल्या चेहऱ्याचं निम्मं औषध एवढ्यातच आहे.

आणखी एक चूक मी स्वतः महिनाभर करत होतो. पोस्टराइझ थेट रंगीत चित्रावर लावला की लाल, हिरवा, निळा या तिन्हींच्या पायऱ्या वेगवेगळ्या जागी पडतात. मग सावळ्या चेहऱ्यावर एका बाजूला हिरवट आणि एका बाजूला गुलाबी ठिगळं दिसतात. म्हणून आधी सेपरेट कलर नोडने उजेड आणि रंग वेगळे करा, पायऱ्या फक्त उजेडाच्या पाडा, मग परत एकत्र करा. त्वचेचा रंग माणसाचाच राहतो.

पायऱ्या एकदम कोरून काढल्यासारख्या नकोत, किंचित उताराच्या हव्यात. २००६ मध्ये विनेमोलर, ओल्सन आणि गूच यांनी व्हिडिओ रेखाचित्रासारखा करण्यावर निबंध लिहिला, त्यात हेच केलंय. उतार असला की उजेड थोडा हलला तरी रंग उडी मारत नाही, सरकतो.

पांझरेची वाळू

वा. मी वापरतो त्या आफ्टर इफेक्ट्स या विकतच्या सॉफ्टवेअरच्या कार्टून इफेक्टमध्ये शेडिंग स्टेप्सच्या खाली शेडिंग स्मूदनेस असतं, ते याच कामाचं. मी आजवर नजरेने लावत आलो, कारण आज कळलं. त्यात वर डिटेल रेडियस आणि डिटेल थ्रेशोल्ड असतात, ते आधी नीट बसवायचे आणि रेघांच्या विड्थला शेवटी हात लावायचा. नवीन पोरं उलटं करतात, आधी रेघ जाड करतात. तिथेच सगळं बिघडतं.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ फाइल मिळाली. नुसत्या तेवढ्यानेच फरक पडला, भिंतीवरचे चौकोन गेले. दाणे आहेत अजून.

सुरतवासी दादा, तुम्ही सांगितलं म्हणून एका ॲपमध्ये २० सेकंदांचा तुकडा टाकून बघितला. नाव घेत नाही. चित्र खरंच सफाईदार आलं, पण ती माझी आजी नाही. तिला गोरी केली. नाक सरळ केलं. लुगड्याची साडी झाली आणि पदर डोक्यावरून खांद्यावर आला. कपाळावरचं गोंदण गेलं आणि त्या जागी टिकली आली. दर तीन-चार सेकंदांनी बांगड्यांचा रंगही बदलत होता. मी ते आजीला दाखवलं. तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हाई कोन शे?"

मला फार लागलं ते. म्हणून तो रस्ता सोडला.

सुरतवासी

समजलं भाऊ. माझी माय जाऊन सहा वर्षं झाली, तिचा एकच व्हिडिओ आहे माझ्याकडे. त्यावर मीही असलं काही केलं नसतं. तुमचं पुढे चालू द्या, मी वाचतोय.

तापी-पूर्णा

मी मुक्ताईनगरकडची, जिल्हा परिषद शाळेत शिकवते. थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

आजीचा चेहरा आहे तसा दाखवायला काय हरकत आहे? सुरकुत्या, मागची धाब्याची भिंत, चुलीने काळं झालेलं लाकूड, हे सगळं उद्या राहणार नाही. मुलांना गोड लागावं म्हणून आपण तेच पुसतोय का? आणि कानबाईच्या रात्रीचं चित्रण, मागे मखर, रोट, नारळाचा मुखवटा. त्यावर कार्टूनच्या रेघा आल्या तर गावात कुणाला खटकू शकतं. माझ्या सासरी तर खटकेलच.

बोरीकाठ

ताई, राग कसला. कानबाईचं तुमचं म्हणणं पटलं. ते चित्रण मी जसंच्या तसं ठेवतो, त्याला काहीही लावणार नाही. गोष्ट परत शूट करतो, ओट्यावर, मागे मखर नाही.

पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटतं. मूळ व्हिडिओ दोन हार्ड डिस्कवर ठेवलाय, तो कुठे जात नाही. कार्टून त्याच्या जागी नाही, त्याच्याकडे जाणारी वाट म्हणून हवंय. माझा पुतण्या ७ वर्षांचा आहे. त्याने एकदा विचारलं होतं, "आजी असं का बोलते?" त्याला ती भाषा परकी वाटते हे मला सहन होत नाही. कोल्हा अहिराणीत बोलतोय हे त्याने हसत-हसत ऐकलं, चार वेळा ऐकलं, तर पाचव्या वेळी तो स्वतः तसा बोलेल.

तापी-पूर्णा

हे पटलं. माझ्या वर्गातली मुलं घरी लेवा बोली बोलतात आणि शाळेत आली की गप्प होतात. बहिणाबाईंची कविता शिकवताना पहिल्यांदा त्यांचे चेहरे फुलतात, कारण घरातले शब्द पुस्तकात दिसतात. झालं की इथे सांगा, मी वर्गात दाखवेन.

मेहरूण

जळगावात चित्रकला शिकवतो. वरचं सगळं वाचलं. तंत्राची मंडळी तंत्राचं सांगतायत, मी रेघेबद्दल बोलतो.

चित्रकार म्हातारं माणूस काढायला बसला की सगळ्या सुरकुत्या काढत नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या दोन, नाकापासून ओठाकडे येणारी एक, कपाळावर एखादी. बाकीच्या सोडतो आणि तरी माणूस ओळखू येतो. यंत्र सोडत नाही. त्यामुळे सोडण्याचं काम तुम्हाला करावं लागेल, मास्क लावून, म्हणजे चित्राचा एकेक भाग वेगळा आखून. चेहऱ्यावर कडांची मर्यादा कडक ठेवा, म्हणजे मोजक्याच रेघा उमटतील. हात, लुगडं आणि बांगड्यांवर ती सैल ठेवा. मागच्या भिंतीवर रेघ अजिबात नको, तिथे नुसता सपाट रंग. माणूस रेघेत आणि मागचं रंगात, असं झालं की डोळा आपोआप माणसाकडे जातो.

दुसरं म्हणजे हालचाल. कार्टून कार्टूनसारखं वाटतं ते फक्त रंग-रेघांमुळे नाही. सिनेमाचे सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण हाताने काढणारे बहुतेक वेळा १२ चित्रंच काढतात आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवतात. ती किंचित तुटक चाल आपल्या डोळ्यात बसलेली आहे. तुमचा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर कितीही रेघा मारा, तो रेघा मारलेला व्हिडिओच दिसेल.

खऱ्या माणसाच्या चित्रणावरून कार्टून काढायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ मध्ये रोटोस्कोपच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९१७ मध्ये ते मिळालं. चित्रणाची एकेक फ्रेम काचेवर खालून पाडायची आणि वरून कागदावर गिरवायची. त्यांचा भाऊ डेव्ह विदूषकाचे कपडे घालून कॅमेऱ्यापुढे नाचला होता. म्हणजे त्यांनीही घरचंच माणूस घेतलं होतं.

केळीचं खोड

मेहरूण सर, फ्रेमचा मुद्दा लाखमोलाचा. फक्त एक सावधगिरी: ३० ला १२ ने भाग जात नाही. ३० फ्रेमच्या चित्रणावरून १२ काढले तर काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दिसतील आणि हात हलवताना अडखळल्यासारखं वाटेल. एक तर मोबाइलमध्ये २४ वर शूट करा, नाहीतर ३० वरून १५ काढा. आणि हे इफेक्टच्या आधी करा. ६ मिनिटांचे ३० च्या हिशेबाने १०,८०० फ्रेम होतात, १५ च्या हिशेबाने ५,४००. लॅपटॉपचं काम निम्मं.

बऱ्याच मोबाइलमध्ये फ्रेमचा वेग स्थिर नसतो, उजेड कमी झाला की आपोआप घसरतो. मग शेवटी आवाज आणि ओठ जुळत नाहीत. सुरुवातीलाच हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट, म्हणजे स्थिर वेग, करून घ्या, तेही मोफत आहे.

आणि ब्लेंडरमधून थेट व्हिडिओ काढू नका, पीएनजी चित्रांची मालिका काढा. लाइट गेली तर झालेले फ्रेम जागेवर राहतात, तिथून पुढे सुरू करता येतं. रावेरला घरी असताना हे मी शिकलो.

सातपुड्याचा पायथा

शहाद्याहून. आमच्याकडे होळीला ढोल आणि मोरपिसांचे टोप घातलेले नाचणारे असतात, त्यांच्या व्हिडिओवर मी असं करून बघितलं होतं. मोरपिसं म्हणजे सगळ्या कडाच कडा, पूर्ण चित्र काळं झालं. तिथे मी कडांचा फाटा काढूनच टाकला, नुसता कुवाहारा ठेवला. छान दिसलं. प्रत्येक चित्राला रेघ लागतेच असं नाही.

भाऊ, शूट करताना मोबाइलच्या स्क्रीनवर आजीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. नाहीतर आजीने हात वर केला की मोबाइल सगळा उजेड बदलतो, आणि मग पायऱ्या सरकतात.

बोरीकाठ

रविवारी परत गावी जाऊन आलो. सगळं सांगतो.

दुपारच्या उन्हात करणार होतो. पण ओट्यावर बसवून बघितलं तर आपल्याकडचं ऊन असं की पदराची सावली पडून डोळे पूर्ण काळे. सकाळी सातला केलं, ओट्यावर ऊन यायच्या आधी. मोबाइल ट्रायपॉडवर, २४ फ्रेम, फोकस-उजेड लॉक. पाठीमागे शेणाने सारवलेली भिंत, सपाट, तिच्यावर काहीच नाही. आजीला बारीक चौकड्याचं लुगडं नेसायचं होतं. मी विनंती केली की सपाट हिरवं नेस, कारण चौकडी लुकलुकेल. नेसली.

गोष्ट या वेळी साडेपाच मिनिटांत संपली, आधीपेक्षा रंगली. समोर शेजारची चार पोरं बसवली होती, त्याचा परिणाम.

१२ फ्रेमने ३,९६० चित्रं झाली. चित्राचा आकार ७२० ठेवला. एका चित्राला साधारण ६ सेकंद लागतात, म्हणजे साडेसहा तासांच्या वर. रात्री लावून झोपलो, लॅपटॉपखाली दोन विटा ठेवून पंखा सोडला.

सकाळी बघितलं आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. भिंत शांत, लुगडं एकसलग हिरवं, हातांना छान रेघा. चेहरा स्वच्छ, आणि तरी आजीच. मेहरूण सरांनी सांगितलं तशा डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेघा बरोब्बर उरल्या.

एकच राहिलं. आजीला दाखवलं तर ती खुश झाली, पण लगेच विचारलं, "मना कपायवरनं गोंदन कथं गयं?"

कपाळावर तीन ठिपके आणि हनुवटीवर एक आहे. बारीक, आता फिकट हिरवट झालेले. गुळगुळीत करताना तेही गेले. ॲपने पुसले म्हणून मी चिडलो होतो, आणि माझ्या हातूनही तेच झालं. काय करता येईल?

केळीचं खोड

जाणारच होते. फिल्टरच्या लेखी बारीक ठिपका आणि दाणा सारखेच. त्यात मोबाइल रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या लांबी-रुंदीची साठवतो, म्हणून सावळ्या कातडीवरचा हिरवट ठिपका मुळातच पुसट झालेला असतो. कपाळाभोवती मास्क करून तिथे फिल्टर कमी करता येईल, पण मग दाणेही परत येतील.

मेहरूण

फिल्टरकडून वाचवत बसू नका. हाताने काढा. ब्लेंडरमध्ये चित्रणावर हाताने काढायची ग्रीस पेन्सिल आहे, तीन ठिपके काढायला किती वेळ लागतो?

पांझरेची वाळू

आणि ते डोक्याबरोबर हलायला हवेत, त्यासाठी ट्रॅकिंग, म्हणजे एक खूण दर फ्रेमला कुठे गेली याचा सॉफ्टवेअरने माग काढणं. सोपं आहे भाऊ. ट्रॅकरला चेहऱ्यावर एक ठळक खूण लागते, जी प्रत्येक फ्रेममध्ये दिसते. लग्नातल्या पोरींच्या चेहऱ्यावर मेकअपमुळे अशी खूण सापडत नाही, आम्ही हैराण होतो. तुझ्या आजीच्या कपाळावर तर ती कायमची आहे. मूळ, इफेक्ट न लावलेल्या व्हिडिओत त्या मधल्या ठिपक्यावरच ट्रॅकर लाव. हनुवटीच्या ठिपक्याला वेगळा लाव, कारण बोलताना हनुवटी वेगळी हलते. मान वळली की ट्रॅकर सुटेल, तिथे थांबून हाताने परत बसव.

सातपुड्याचा पायथा

ज्या गोंदणाने अडवलं तेच खूण दाखवतंय. भारी.

बोरीकाठ

चार संध्याकाळी गेल्या. ट्रॅकर एकूण १७ वेळा सुटला, परत लावला. ठिपके काढताना आकार बरोबर यावा म्हणून आजीजवळ बसून जवळून बघितले. ८४ वर्षांत कुणी तिच्या गोंदणाकडे असं बघितलं नसेल. तिने सांगितलं की कपाळावरचं लग्नाआधी माहेरी गोंदलं, गोंदणारीण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास गावात यायची. हातावरचं तुळशीवृंदावन नंतरचं. मी ते हातावरचंही काढलं मग, गोष्टीत कोल्हा पळतो तेव्हा ती हात पुढे करते, तेवढेच दोन सेकंद दिसतं.

रंगाचा प्रश्न आला. आता फिकट झालेला काढायचा की मूळचा गडद हिरवा? आजीला विचारलं. ती म्हणाली, "तवयना काढ." तेव्हाचा.

काल सुरतला पाठवलं, या वेळी डॉक्युमेंट म्हणून. पुतण्याने तीनदा बघितलं असं वहिनी सांगत होती. संध्याकाळी त्याचा फोन आला, आणि पहिलं वाक्य कोल्ह्याच्या आवाजात होतं, अहिराणीत. चुकीचं होतं थोडं. आजीने फोनवरच दुरुस्त केलं.

सुरतवासी

भाऊ, परवानगी असेल तर आमच्या सोसायटीतल्या पोरांनाही दाखवू का? इथे अर्धी बिल्डिंग आपल्याच भागातली आहे. आणि मूळ न बदललेलाही पाठवा. तो मला माझ्यासाठी हवाय.

बोरीकाठ

आजीला विचारलं दादा. "बठ्ठासले दखाड," म्हणाली. सगळ्यांना दाखव. दोन्ही पाठवतो.

आता पुढचं. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, आमच्या घरी जातं अजून आहे. पण मागे एकदा दळताना शूट केलं होतं त्यात खुंटा आणि हात पुसटलेले आहेत, एक पांढरा पट्टा नुसता. त्यावर कडा सापडतील का?

पांझरेची वाळू

नाही सापडणार. पुसटलेल्याला कड नसते. शटर जलद ठेवावं लागेल, १/२०० किंवा त्याहून जलद, म्हणजे खुंटा प्रत्येक फ्रेममध्ये थांबलेला दिसेल. पण १/२०० हे ट्यूबशी जुळत नाही, घरात केलंस तर परत उजेड हलेल. म्हणून जातं ओट्यावर आण. जड आहे, दोघं-तिघं लागतील. वेळ सकाळी सातचीच ठेव, आणि दळायला थोडी खरीच ज्वारी घे. रिकामं जातं फिरवलं तर हाताला जोर लागत नाही, आणि ते चित्रात दिसतं.